चौकट सरळ आहे

सुताराने ओळंबा सोडला, दोरी थांबेपर्यंत वाट पाहिली, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "चौकट सरळ आहे, मालक."

"नीट बघा," माझा भाऊ म्हणाला.

"नीटच बघितलं."

"डावी बाजू मधेच पोट काढून आलीये. ही इथे, छातीच्या उंचीला. महिनाभर बघतोय मी. रोज थोडी थोडी वाकतेय."

सुताराने पुन्हा ओळंबा धरला. मग ती बुडबुड्याची पट्टी लावली. बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला. त्याने पट्टी दादासमोर धरली. दादाने मान हलवली, पण पट्टीकडे बघितलं नाही.

मी काउंटरमागे फ्रेमा पुसत बसले होते. "दादा," मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत झालीये तुझी. त्या दाराने तुझं काय घोडं मारलंय?"

माझ्या विनोदाला दादा हसतो. विनोद पाणचट असला तरी हसतो, मोठा भाऊ म्हणून ते त्याने अंगावर घेतलेलं काम आहे. त्या दिवशी हसला नाही. सुताराला चहा पाजून त्याने वाटेला लावलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसला.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, भिंतभर फ्रेमा, एक आरसा आणि मी. आतली खोली तपासणीची. तिथे एक उंच खुर्ची आहे, समोरच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता आहे आणि बाजूला भिंगांची पेटी. चाळीस वर्षं दादा त्या खुर्चीशेजारी उभा राहून लोकांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवतोय, त्यात एक भिंग घालतोय, काढून दुसरं घालतोय आणि विचारतोय, "हे बरं की मघाचं बरं?" लोक गोंधळतात. नापास होऊ या भीतीने मनाला येईल तो आकडा ठोकून देतात. मग दादा म्हणतो, "अंदाजाने सांगू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात लाज कसली?" बाहेर बसून मी हे इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. दोन खोल्यांच्या मधे एकच दार, आणि दादा वाकडी म्हणत होता ती त्याच दाराची चौकट.

दुकानातलं तिसरं माणूस म्हणजे दादाची मुलगी, भिंगरी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे अशी ठरली की दहा वर्षं दुकानातून हलली नाही. भिंगं घासून फ्रेमेत बसवायची, काड्या सारख्या करायच्या, नाकाचं माप घ्यायचं, ही सगळी तिची कामं. चोविसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा परदेशी जायचं काढलं, तेव्हा वहिनी आजारी पडली आणि वर्षभरात गेली. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा काढलं, तेव्हा माझा गुडघा बदलायची वेळ आली. आता ती तीस वर्षांची होती आणि त्या महिन्याच्या एकोणीस तारखेला तिला एकतिसावं पूर्ण व्हायचं होतं.

ती तारीख आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती. भिंगरीला हवा होता वर्किंग हॉलिडे व्हिसा. ही कामातली सुट्टी की सुट्टीतलं काम, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही, पण त्याचे नियम मात्र तोंडपाठ झाले, कारण जेवताना दुसरा विषयच नसायचा. एकतिसावा वाढदिवस उजाडायच्या आत अर्ज गेला पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी कारण ऐकत नाहीत. आयुष्यात एकदाच मिळतो. वर्षभर राहा, फिरा, खर्चाला लागेल तेवढं काम करा, पण एका मालकाकडे सहा महिन्यांहून जास्त टिकायचं नाही. पासपोर्ट हवा, पोलिसांचा दाखला हवा, भाषेच्या परीक्षेचा निकाल, विमा, बँकेचं पत्र आणि त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल हवा. हे सगळं भिंगरी एका निळ्या फाइलमध्ये लावत होती आणि ती फाइल घरून दुकानात, दुकानातून घरी अशी सोबत फिरवत होती.

"पण तिकडे जाऊन करणार काय तू?" मी एकदा विचारलं होतं.

"मिळेल ते. फळं तोडीन, हॉटेलात चादरी बदलीन. काहीही, आत्या. फक्त वर्षभर कोणाच्या नाकाचं माप घेणार नाही."

सुतार गेला त्या दुपारी भिंगरी पोलिसांचा दाखला आणायला गेली होती. मी दुकानाचं पुढचं दार लोटून घेतलं आणि आत गेले. दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता.

"तू त्या पट्टीकडे बघितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"कुठल्या?"

"दादा, मी सव्वीस वर्षं तुझ्याबरोबर काम करतेय. मला दुकानात ठेवलेली बाहुली समजू नकोस."

त्याने भिंगांच्या पेटीचं झाकण लावलं. मग मलाच एकेक आठवायला लागलं. गेले काही महिने तो बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचा. मला वाटलं, म्हातारपणी तोरा चढला. डॉक्टरची चिठ्ठी आली की "तू वाच, माझे हात ओले आहेत" म्हणायचा. इतके ओले हात धोब्याचेही नसतात.

"समोर बघितलं की मधलं नाहीसं होतं," दादा शेवटी म्हणाला. "कडेचं दिसतं. उजव्या डोळ्याचं पाच महिन्यांपूर्वी सुरू झालं. आता डावाही तसाच करायला लागलाय."

"आणि सरळ रेघ वाकडी दिसते."

"हो."

सरळ रेघ वाकडी दिसते असं कोणी म्हणालं तर त्याला त्याच दिवशी, त्याच पावली डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, हे मला शिकवलं कोणी, तर दादाने. त्याने अशी किती माणसं धाडली असतील. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा या शहाण्याने सुताराला बोलावलं.

"मला खरंच वाटलं की चौकट असेल," तो म्हणाला. "असं वाटावं असं वाटलं, म्हण."

"आणि गिऱ्हाइकं? त्यांना तपासतोस कसा?"

"तक्ता पाठ आहे मला. ते वाचतात, मी ऐकतो. कुठे अडखळले ते कळतं."

"वा. म्हणजे आंधळा दळतोय."

हे बोलायला नको होतं. पण मला राग आला की माझी जीभ मला विचारत नाही. दादा मात्र चिडला नाही. "एकोणीस तारीख जाऊ दे," तो म्हणाला. "अर्ज गेला की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो. तू म्हणशील तिथे येतो. पण त्याआधी तिला कळलं तर ती फाइल मिटवून ठेवेल. दोनदा ठेवलीये तिने. तिसऱ्यांदा माझ्यासाठी नको."

दुसऱ्या वेळचं कारण माझाच गुडघा होता, तेव्हा मला बोलायला तोंड नव्हतं. मी मूग गिळले. आज विचार केला तर वाटतं, तिथेच मी चुकले. डॉक्टरने पुढे सांगितलं की एकेक दिवस महत्त्वाचा होता. पण तेव्हा मला फक्त दोन आठवडे आणि पोरीचा चेहरा दिसत होता.

त्यानंतर आमची चोरटी भागीदारी सुरू झाली. चिठ्ठीवरचे नंबर मी मोठ्याने वाचायची, जणू गिऱ्हाइकालाच सांगतेय. दादाच्या वाटेतली स्टुलं उचलून ठेवायची. भिंगरीला ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणून मी इतकी बडबड करायला लागले की ती एकदा म्हणाली, "आत्या, तुझी तब्येत बरी आहे ना?"

एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून अर्ज भरत होती आणि एकेक प्रश्न आम्हाला वाचून दाखवत होती. "तुमच्यावर अवलंबून असलेली कोणी व्यक्ती सोबत येणार आहे का?"

"नाही," दादा म्हणाला. "नाही लिही."

"बाबा, मला विचारलंय, तुम्हाला नाही."

"मग तू लिही नाही."

ती हसली आणि तिने नाही लिहिलं. त्या प्रश्नात सोबत येणाऱ्याची चौकशी होती. मागे राहणाऱ्याविषयी त्या अर्जात कुठेच काही नव्हतं, मी नंतर सगळा वाचून काढला.

अकरा तारखेला ती तपासणीला गेली. ते डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. सकाळची गेलेली दुपारी दुकानात आली ती हसतच. छातीचा एक्स-रे झाला, रक्त झालं, उंची-वजन झालं. "आणि मग डोळे," ती म्हणाली. "मी खुर्चीत बसले, तर समोर आपलाच तक्ता! त्याच कंपनीचा, तोच. ती नर्सबाई पट्टी घेऊन तिथे पोचेपर्यंत मी सगळा म्हणून मोकळी. शेवटची ओळसुद्धा. बाई म्हणाली, अशी नजर मी आजवर बघितली नाही. मी म्हटलं, अहो, नजर कसली, मी लहानपणी या तक्त्यावरच आकडे शिकलेय. डोळे मिटूनही..."

तिथे ती थांबली. मी फ्रेम पुसत होते ती पुसतच राहिले. दादा आतल्या दारात उभा होता आणि हसत होता, पण नजर तिच्या कानावर होती. भिंगरीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा चौकटीकडे. सुतार येऊन गेल्याचं मीच तिला फोनवर गंमत म्हणून सांगितलं होतं, दादाशी बोलण्याआधी. माझी जीभ.

"डोळे मिटूनही काय?" दादा म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली. "भूक लागलीये."

रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी सकाळी आम्ही उघडलं आणि आमच्या आधी पायरीवर एक बस ड्रायव्हर येऊन बसलेला होता. जुनं गिऱ्हाईक. लायसन्सच्या नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला हवा होता आणि दहाची फेरी गाठायची होती. दादा त्याला घेऊन आत गेला. भिंगरी काहीतरी म्हणायला पुढे झाली, पण तोवर ड्रायव्हर खुर्चीत बसला होता.

"पाचवी ओळ वाचा," दादाचा आवाज आला.

"आठ, दोन, सहा, चार, नऊ."

"चुकलं. परत वाचा. सावकाश."

"आठ, दोन, सहा, चार, नऊ."

"अंदाजाने सांगू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात लाज कसली?"

"अहो, दिसतंय म्हणून तर सांगतोय."

दादाने भिंग बदललेलं मला ऐकू आलं. "हे बरं की मघाचं बरं?"

"मघाचंच बरं होतं. हे धूसर आहे."

"आता वाचा."

"आता धूसर आठ, धूसर दोन, धूसर सहा," ड्रायव्हर म्हणाला. तो बिचारा सरळ माणूस होता, पण आता त्याचा आवाज चढला होता. "चष्मेवाले, मी तीस वर्षं बस चालवतोय. समोर धडधडीत आठ आहे. तुम्हीच बघा की एकदा वळून."

आत काहीच हललं नाही. भिंगरी उठून गेली. मी तिच्या मागोमाग गेले. दादा खुर्चीशेजारी उभा होता, हातात भिंग तसंच, आणि तक्त्याकडे तोंड करून तो डोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवत होता. भिंतीवर नवा कोरा तक्ता होता.

भिंगरीने ड्रायव्हरच्या नाकावरची फ्रेम हळूच काढली. "काका, तुम्ही बरोबर वाचलंत," ती म्हणाली. "आज आमचं जरा गडबडीचं आहे. चौकातल्या डॉक्टरांकडे जा, मी फोन करून ठेवते, ते लगेच बघतील."

तो गेल्यावर दादा खुर्चीत बसला.

"तक्ता मी काल बदलला," भिंगरी म्हणाली. "तुम्हालाच आधी वाचायला सांगणार होते."

"कळलं," दादा म्हणाला.

तिला राग येईल, रडू येईल, असं मला वाटलं होतं. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. बाहेर जाऊन तिने निळी फाइल उचलली, मोडक्या फ्रेमांच्या खणात टाकली आणि खण लावून टाकला. "झालं," ती म्हणाली.

"एवढ्यासाठी आयुष्यातली एकच संधी घालवणार?" दादा आतून म्हणाला.

"एवढ्यासाठी? आणि तुमच्याकडे बघणार कोण?"

आता मात्र माझा ताबा सुटला. "मी कोण आहे?" मी म्हटलं. "नाही, मला सांगा. हा म्हणतो, तिला कळू देऊ नको. ती म्हणते, तुमच्याकडे बघणार कोण. आणि मी दोघांच्या मधे उभी आहे पावणेसहा फूट. सव्वीस वर्षं हे दुकान मी रोज उघडलंय. माझा गुडघा आता लोखंडाचा आहे, तुम्हा दोघांच्या गुडघ्यांपेक्षा जास्त चालेल. मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? माझ्याकडे बघायचं ते फक्त तारखेसाठी?"

दोघंही माझ्याकडे वळले. मला बरं वाटलं, आणि लगेच रडू आलं. डोळे मी फ्रेमा पुसायच्या फडक्याला पुसले.

थोड्या वेळाने भिंगरी म्हणाली, "आत्या, तू बघशील हे मला माहीत आहे. पण बाबा खोटं बोलतात. तुझ्याशीही बोलले असणार. मी तिकडे असेन आणि फोनवर रोज 'सगळं ठीक' ऐकेन, आणि रोज विचार करत बसेन की यातलं खरं किती. तसं वर्ष मला नकोय." मग ती आत दादासमोर जाऊन उभी राहिली. "खरं काय दिसतं ते मला दाखवा. याच खुर्चीत बसून, याच तक्त्यावर. नेमकं कळलं तर मी तशी सोय लावून जाईन. नाही कळलं तर जाणार नाही. माझं एवढंच आहे."

"एवढी मोठी झालीस का, बापाची परीक्षा घ्यायला?" दादा म्हणाला. त्याने छत्री घेतली, ऊन होतं तरी घेतली, आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. दुकानावर आम्ही 'तपासणी बंद' अशी पाटी लावली. दादा सकाळी छत्री घेऊन जायचा, जेवायला यायचा, पुन्हा जायचा. भिंगरी काड्या सारख्या करत बसायची. खण कोणी उघडला नाही. मी चार वेळा बोलायला तोंड उघडलं आणि चारही वेळा मिटलं, जे मला आयुष्यात जमलं नव्हतं. माझा जीव त्या एकोणीस तारखेत अडकला होता. दोन माणसं एकमेकांसाठीच हट्टाला पेटली की मधल्याने करायचं काय, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

अठरा तारखेला सकाळी मी कुलूप काढलं, तर दादा माझ्या मागे उभा. छत्री नव्हती. काही न बोलता तो सरळ आत गेला आणि खुर्चीत बसला.

"ये," तो मला म्हणाला. "तू घे. ती घेईल तर रडेल."

भिंगरी दाराशी आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. मी तक्त्याशेजारी पट्टी घेऊन उभी राहिले. सव्वीस वर्षांत मी त्या भिंतीपाशी फक्त धूळ पुसायला गेले होते. सगळ्यात वर एकच आकडा असतो, वीतभर उंचीचा. मी पट्टी त्याच्याखाली धरली.

"वाच," मी म्हटलं.

दादाने तक्त्याकडे बघितलं. "सात," तो म्हणाला.

तिथे नऊ होता. सात जुन्या तक्त्यावर होता. सात म्हणताना त्याने माझ्याकडे तोंड वळवलं, आणि मला कळलं, गिऱ्हाईक असंच बघतं, बरोबर आलं का ते आपल्या चेहऱ्यावर शोधतं. मला हो म्हणावंसं वाटलं. देवाशपथ, वाटलं.

"दादा," मी म्हटलं, "अंदाजाने सांगू नकोस. दिसत नसेल तर दिसत नाही म्हण. त्यात लाज कसली?"

बाहेरून कोणाची तरी सायकल गेली. दादाने हात मांडीवर ठेवले.

"दिसत नाही," तो म्हणाला.

मी पट्टी दुसऱ्या ओळीखाली नेली. "दिसत नाही." तिसरी. "नाही दिसत." मी थांबले असते, पण त्यानेच खूण केली, पुढे चल. आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. आठही ओळींना त्याने तेच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा मोकळा होत गेला. मग तो म्हणाला, "थांब. आता वरचा धर." त्याने मान वळवून खिडकीकडे बघितलं. "असं कडेने बघितलं तर दिसतो. नऊ आहे."

"नऊच आहे," मी म्हटलं.

भिंगरी रडत होती, आवाज न करता. दादाने म्हटलं होतं तसंच झालं. तिने डोळे तसेच बाहीला पुसले, बाहेर जाऊन खण उघडला आणि फाइल आणि लॅपटॉप घेऊन काउंटरवर बसली. कागद एकेक चढवायला दीड तास लागला. शेवटी 'वर दिलेली सर्व माहिती खरी आहे' अशी ओळ होती, त्यापुढे खूण करायची. तिने ती मोठ्याने वाचली, खूण केली आणि बटण दाबलं.

"गेला अर्ज," ती म्हणाली.

"अंदाजाने सांगू नकोस," दादा म्हणाला. "काय लिहिलंय ते वाच."

"तुमचा अर्ज मिळाला आहे," तिने वाचलं. "तारीख अठरा." मग दादा हसला. माझ्या विनोदांना हसतो त्यापेक्षा बरंच मोठं.

त्याच दुपारी मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याला मधोमध इजा झालीये, उजव्याचं गेलं ते गेलं, डाव्याला दर महिन्याला इंजेक्शन देऊन आहे ते राखायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. पाच महिने काय करत होता, असंही म्हणाले. दुकानात आठवड्यातून तीन दिवस तपासणीला एक बाई येऊ लागल्या, शिकलेल्या आणि कमी बोलणाऱ्या. गेल्या पाच महिन्यांतली सगळी गिऱ्हाइकं आम्ही परत बोलावून त्यांच्याकडून तपासून घेतली. दोघांचे नंबर चुकले होते. दादा त्या दोघांच्या घरी स्वतः जाऊन माफी मागून आला, मी सोबत गेले. फ्रेम नाकावर बसवायचं काम अजून तोच करतो, त्याला बोटं पुरतात.

सहा आठवड्यांनी व्हिसा आला. भिंगरी निघाली त्या सकाळी गाडी दुकानापुढे उभी होती. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. माझ्या गळ्यात पडून झालं, औषधांच्या वेळा तिसऱ्यांदा सांगून झाल्या. दादा आतल्या खोलीत खुर्चीत बसला होता आणि ती दारात उभी राहिली. तो तिच्याकडे बघत होता. सरळ बघत होता, तोंडाकडे, चांगल्या घरातला माणूस निरोप देताना बघतो तसा. म्हणजे त्याला ती दिसत नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"बाबा, माझ्याकडे नका बघू," ती म्हणाली. "चौकटीकडे बघा. डाव्या बाजूला."

दादाने नजर चौकटीवर नेली. "वाकडीच आहे अजून," तो म्हणाला.

"असू दे." ती एक पाऊल बाजूला सरकली. "हे बरं की मघाचं बरं?"

त्याने वेळ घेतला. "मघाचं."

ती अर्धं पाऊल मागे आली आणि हलली नाही. "आणि आता?"

"आता दिसतेस," दादा म्हणाला, आणि ती निघेपर्यंत त्याने चौकटीवरची नजर काढली नाही.